सगळं हिरवं दिसतंय, मग पाणी मुरतंय कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा महिन्यांपूर्वी ४० माणसांच्या ऑपरेशन्स टीमची जबाबदारी हातात आली. दर आठवड्याच्या रिपोर्टमध्ये सगळं ग्रीन, कोणाची तक्रार नाही, मीटिंगमध्ये भांडण नाही. तरी महिन्याचा शेवटचा आठवडा आला की रात्री जागून काम ओढावं लागतं, आणि या सहा महिन्यांत तीन चांगली माणसं सोडून गेली, तिघांनीही कारण लिहिलं 'पर्सनल'. काहीतरी बिघडलंय हे कळतंय पण बोट ठेवता येत नाही, तर शोधायचं कुठे, सापडलं तर करायचं काय, आणि डायरेक्टरला हे आत्ता सांगायचं की आधी दुरुस्त करून मग.

तुमची शंका खरी आहे असं मला वाटतं. मी २२ वर्षं ऑपरेशन्समध्ये आहे, त्यातली शेवटची बरीच वर्षं दुसऱ्याच्या अडकलेल्या टीम सोडवण्यातच गेली, आणि रिपोर्ट ग्रीन, माणसं गप्प, महिनाअखेरीला धावपळ हे तीन एकत्र दिसलं की कुठेतरी पाणी मुरतंय हे जवळपास नक्की असतं. फक्त शोधायला निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, नाहीतर सगळा शोध चुकीच्या दिशेला जातो. असा बिघाड लपवणारी माणसं बहुतेक वेळा कामचोर किंवा लबाड नसतात, उलट ती टीममधली सगळ्यात मेहनती, सगळ्यात जबाबदार माणसं असतात. सिस्टीममध्ये जिथे भोक पडलंय तिथे ती स्वतःचा हात लावून उभी असतात, म्हणून बाहेर थेंबही दिसत नाही. तेव्हा 'कोण चुकतंय' हे शोधू नका, 'कोणाच्या जिवावर चाललंय' हे शोधा.

सगळं ग्रीन हीच पहिली खूण. २००६ मध्ये अ‍ॅलन मुलाली फोर्ड कंपनीचे सीईओ म्हणून आले तेव्हा दर आठवड्याच्या रिव्ह्यूला सगळे मोठे अधिकारी आपापले चार्ट आणायचे, ठीक असेल तर हिरवा, काळजीचं असेल तर पिवळा, अडकलं असेल तर लाल, आणि सुरुवातीचे कित्येक आठवडे सगळे चार्ट हिरवे. त्याच वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला. मुलालींनी विचारलं की आपण एवढे पैसे घालवतोय आणि एकही गोष्ट लाल नाही, हे कसं? शेवटी मार्क फील्ड्स यांनी एका नवीन गाडीच्या लाँचवर लाल रंग लावून आणला, खोलीत सगळे गप्प, सगळ्यांना वाटलं याची नोकरी गेली, आणि मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं की याला कोण मदत करू शकतं. पुढच्या काही आठवड्यांत बाकीच्यांचे चार्टही रंगीत व्हायला लागले. या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग टाळ्यांचा नाही, तर खोलीतल्या त्या शांततेचा आहे. तिथे बसलेल्या प्रत्येकाला आधीच्या अनुभवावरून माहीत होतं की लाल दाखवणाऱ्याचं काय होतं. तुमच्या टीमलाही ते माहीत आहे, तुमच्यामुळे नसेल कदाचित, तुमच्या आधी जे होते त्यांच्यामुळे असेल, पण माणसं बदललेल्या साहेबाकडे जुन्याच अनुभवातून बघतात, आणि सहा महिने हा त्यासाठी फार थोडा काळ आहे.

आता शोधायचं कसं. डॅशबोर्ड बंद करा आणि एका कामाच्या मागे चालत जा. अक्षरशः एक काम निवडा, एखादी ऑर्डर, एखादं तिकीट, एखादी कस्टमरची तक्रार, आणि ते जिथून आत येतं तिथपासून जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत ज्याच्या ज्याच्या हातून जातं त्या प्रत्येकाच्या शेजारी बसा. 'मला सांग तू काय करतोस' असं विचारू नका, कारण सांगताना माणूस प्रोसेस डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं सांगतो, तो खोटं बोलत नसतो, त्याला तेच अपेक्षित आहे असं वाटतं. 'करून दाखव, मी मध्ये बोलणार नाही' असं म्हणा. मग दिसायला लागतं. दुसऱ्या स्क्रीनवर स्वतःची एक एक्सेल शीट उघडी असते. सिस्टीममध्ये एक तारीख टाकतात आणि वहीत खरी तारीख लिहितात. एखाद्या डिपार्टमेंटला मेल पाठवून उपयोग नसतो म्हणून तिथल्या एकाला पर्सनल नंबरवर फोन करतात. अप्रूव्हल यायला तीन दिवस लागतात म्हणून आधी काम करून टाकतात आणि अप्रूव्हल मागून घेतात. हे बघताना चेहऱ्यावर काही दाखवू नका आणि 'हे असं का करता' हे तर अजिबात नको, विचारायचंच असेल तर 'हे नसतं केलं तर काय झालं असतं' एवढंच विचारा. त्या उत्तरात तुमचा खरा प्रॉब्लेम असतो.

माझ्या बाबतीतला एक प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. एका ठिकाणी डिस्पॅच तीन वर्षं वेळेवर होतं, उत्तम चाललेलं डिपार्टमेंट म्हणून त्याचं नाव घेतलं जायचं. तिथल्या एक सिनिअर बाई ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या आणि चौथ्या दिवशी गोडाऊनमध्ये कोणता माल कोणाचा हे कोणालाच सांगता येईना. कळलं ते असं की स्टॉकची सिस्टीम आणि बिलिंगची सिस्टीम एकमेकींशी जुळतच नव्हत्या, आणि त्या बाई रोज संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर दीड-दोन तास बसून दोन्हीकडच्या नोंदी हाताने जुळवत होत्या. तीन वर्षं. त्यांनी सुरुवातीला दोनदा सांगितलं होतं, एकदा 'आयटीला सांगतो' असं उत्तर मिळालं आणि एकदा 'तुम्ही मॅनेज करताच आहात ना' असं. त्यानंतर त्यांनी सांगणं सोडलं आणि करत राहिल्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्या डिपार्टमेंटचं कौतुक करणाऱ्या रिव्ह्यूमध्ये मीसुद्धा बसलेलो होतो आणि एकदाही मनात आलं नाही की हे इतकं सुरळीत कसं चालतंय. 'मॅनेज करताच आहात ना' हे वाक्य तुमच्या टीममध्ये कोणी कोणाला म्हणतंय का ते कान देऊन ऐका, जिथे ते ऐकू येईल तिथे खणायला सुरुवात करा.

असे जुगाड सगळेच वाईट असतात असं नाही, काही तर खरंच हुशारीचे असतात आणि त्यांनाच अधिकृत पद्धत करून टाकावं. धोका आहे तो जुगाडाची सवय होण्यात. २३ मार्च २००५ ला अमेरिकेत टेक्सास सिटीमधल्या बीपीच्या रिफायनरीत स्फोट झाला, १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. चौकशीत जे बाहेर आलं ते प्रत्येक ऑपरेशन्सवाल्याने वाचायला हवं. ज्या टॉवरमुळे हे घडलं तो सुरू करताना लिखित पद्धतीत सांगितलेल्यापेक्षा जास्त भरायचा हे आधीच्या बहुतेक वेळांनाही झालेलं होतं, कारण लेव्हल कमी राहिली तर पुढच्या यंत्रांना त्रास होतो असा ऑपरेटर्सचा अनुभव होता. म्हणजे नियम मोडणं हीच रोजची पद्धत झाली होती, आणि त्या दिवशी लेव्हल दाखवणारं उपकरणही चुकीचं दाखवत होतं. आणि त्याहून वाईट गोष्ट म्हणजे मॅनेजमेंट सेफ्टी मोजत होतं ते कामगारांना होणाऱ्या वैयक्तिक दुखापतींच्या आकड्यावरून, घसरून पडणं, हात कापणं वगैरे, आणि तो आकडा चांगला होता. आकडा खोटा नव्हता, तो फक्त दुसऱ्याच गोष्टीचा होता. तुमच्या रिपोर्टमधला प्रत्येक ग्रीन घेऊन स्वतःला विचारा की हा आकडा नक्की कशाचा आहे, आणि तो ग्रीन असतानाही कस्टमरचं वाटोळं होऊ शकतं का. होऊ शकत असेल तर तो रंग बघून समाधान मानायचं कारण नाही.

तुमच्या महिनाअखेरच्या धावपळीबद्दल मात्र मी आधी आकडेमोड करायला सांगेन, कारण इथे मन दुखावण्यापेक्षा गणित बोललेलं बरं. हातात घेतलेली पण पूर्ण न झालेली सगळी कामं मोजा, टूलमधली, मेलमधली, वहीतली, सगळी. मग गेल्या आठ-दहा आठवड्यांत आठवड्याला खरोखर किती कामं संपली त्याची सरासरी काढा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. समजा १२० कामं अडकलीयेत आणि आठवड्याला १० संपतात, तर आज आत आलेलं काम सरासरी १२ आठवड्यांनी बाहेर पडणार. हा जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे, कुठल्याही बऱ्यापैकी स्थिर चालणाऱ्या कामाला लागू होतो, त्याला तुमच्या टीमची मेहनत, कमिटमेंट, साहेबांचा आवाज यातलं काहीही बदलू शकत नाही. आता टीम कस्टमरला काय सांगते बघा. तीन आठवडे सांगत असेल तर उरलेले नऊ आठवडे कोणीतरी कुठेतरी लपवतंय, म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं काम वर घेतलं जातंय, बाकीच्यांच्या तारखा गुपचूप पुढे सरकतायत, आणि महिना संपताना ते सगळं एकदम अंगावर येतं.

दुसरं गणित माणसं शंभर टक्के बिझी ठेवण्याचं. एकच खिडकी आहे, लोक कधीही येतात, प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागतो असं साधं रांगेचं मॉडेल घ्या. खिडकी ८० टक्के वेळ बिझी असेल तर रांगेत सरासरी ताटकळणं हे एका कामाच्या वेळेच्या ४ पट असतं, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. तुमची टीम एवढी साधी नाही हे मान्य, पण वळण असंच असतं, आणि म्हणूनच 'सगळे फुल्ली ऑक्युपाइड आहेत' हे वाक्य कोणी अभिमानाने सांगितलं की मला काळजी वाटते. जिथे कोणालाच श्वास घ्यायला जागा नाही तिथे एक माणूस दोन दिवस आजारी पडला की सगळं गाडं अडतं, आणि नेमकं तेच लपवण्यासाठी रात्री जागल्या जातात.

याच्याबरोबर अजून तीन-चार गोष्टी काढून घ्या, त्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतात म्हणून बोलक्या असतात. सगळ्यात जुनं अडकलेलं काम किती दिवसांचं आहे (सरासरी नाही, सगळ्यात जुनं, सरासरीत ते बुडून जातं). बंद केलेलं काम पुन्हा किती वेळा उघडलं. एकेका कामाची तारीख किती वेळा बदलली. आणि ऑफिसच्या वेळेनंतर कोणाचे मेल जास्त जातात. हे शेवटचं त्या माणसाला पकडायला नाही हां, त्याच्या खांद्यावर काय आहे ते कळायला.

मीटिंगकडे बघताना मी काय बोललं गेलं त्यापेक्षा नंतर काय झालं ते बघतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांमधल्या इग्निशन स्विचचा दोष कंपनीच्या आत दहा वर्षांहून जास्त काळ फिरत होता, माणसं मेली, आणि २०१४ च्या चौकशी अहवालात तिथल्या एका सवयीचं वर्णन आहे ज्याला आतले लोकच 'जीएम नॉड' म्हणायचे, म्हणजे खोलीतले सगळे प्लॅनला मान डोलवतात आणि बाहेर पडताना कोणाच्याच मनात तो करायचा नसतो. हे वाचून मला धक्का बसला नाही, कारण लहान प्रमाणात हे मी खूप ठिकाणी पाहिलंय. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे गेल्या तीन महिन्यांचे मीटिंगचे मिनिट्स काढा आणि ठरलेल्या दहा गोष्टी निवडा, कोणी करायची होती, झाली का, एवढंच. दहातल्या चार झाल्या नसतील तर त्यात आश्चर्य नाही, पण त्या न झालेल्या चारांबद्दल नंतर कोणी विचारलंच नसेल तर तो प्रॉब्लेम आळसाचा नाही, लीडरशिपचा आहे. अजून एक, तोच निर्णय दोन-तीनदा परत परत घेतला गेलाय का बघा. घेतला गेला असेल तर खरा निर्णय त्या खोलीत होतच नाहीये, दुसरीकडे कुठेतरी, कोणाच्या तरी केबिनमध्ये होतोय, आणि टीमला ते माहीत आहे म्हणून ती मान डोलवून मोकळी होते.

'कोणाची तक्रार नाही' यावर जरा थांबतो, कारण तुम्ही ते चांगलं लक्षण म्हणून लिहिलंय असं वाटलं. एमी एडमंडसन या संशोधक १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीममध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या, अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या मानल्या गेलेल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. मग लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे चुका बोलून दाखवल्या जात होत्या. ४० माणसं, सहा महिने, रोजचं काम, आणि एकही तक्रार नाही हे नैसर्गिक नाही. माणसं तक्रार करतायत, फक्त तुमच्याकडे नाही, चहाच्या वेळी करतायत, घरी करतायत, आणि तिघांनी राजीनामा लिहून केली. त्या तिघांना फोन करा. सोडल्यावर दोन-तीन महिने गेले की माणूस मोकळं बोलतो, रिलीव्हिंग लेटर मिळालेलं असतं, हिशोब पूर्ण झालेला असतो. 'का सोडलंत' विचारलंत तर ते पुन्हा सभ्यपणे पर्सनल म्हणतील, त्यापेक्षा असं विचारा की सोडायचा विचार पहिल्यांदा कधी आला, त्या आठवड्यात काय झालं होतं. मला आजवर या एका प्रश्नातून जितकं कळलंय तितकं कुठल्याही एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्ममधून कळलेलं नाही.

आता अवघड भाग, स्वतःकडे बघण्याचा. मी पहिल्यांदा मोठी टीम सांभाळत होतो तेव्हा एका मुलाने येऊन सांगितलं की एक मोठं काम तारखेला होणार नाही, आणि मी त्याला म्हटलं, 'माझ्याकडे प्रॉब्लेम आणू नकोस, सोल्यूशन घेऊन ये.' मला ते वाक्य तेव्हा फार प्रोफेशनल वाटायचं. त्यानंतर चार महिने त्या टीममधून माझ्याकडे एकही वाईट बातमी आली नाही आणि मी समजत होतो की टीम मॅच्युअर झाली. मग एका सकाळी कस्टमरचा फोन आला आणि तीन कामं एकदम कोसळलेली कळली, तिन्ही त्या मुलाला आणि त्याच्या आजूबाजूच्या पाचजणांना कित्येक आठवड्यांपासून माहीत होती. ज्याचं सोल्यूशन माणसाच्या हातात आहे ते तो तुमच्याकडे आणतच नाही, स्वतःच करून टाकतो. तुमच्याकडे येतं ते त्याच्या आवाक्याबाहेरचंच, आणि तेच आणायला मी बंदी घातली होती. हे वाक्य तुम्ही वापरत असाल तर आजपासून बंद करा. तुमच्याकडे शेवटची वाईट बातमी कोणी, किती लवकर आणली होती आणि तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात ते आठवून बघा. आठवत नसेल तर टीममधल्या एखाद्याला विचारा, त्यांना नक्की आठवत असतं.

आणि कौतुक कोणाचं होतंय तेही बघा. रात्री तीनपर्यंत जागून आग विझवणाऱ्याला सगळ्यांसमोर शाबासकी मिळते आणि जिच्या कामात आग लागलीच नाही तिचं नावही कोणाला माहीत नसतं, असं दोन अप्रेझल चाललं की हुशार माणसं काय शिकायचं ते शिकतात. कोणी मुद्दाम आग लावत नाही, पण धूर दिसला तर लवकर सांगावं असं कोणाला वाटेनासं होतं.

सापडल्यावर काय करायचं? आधी काय करायचं नाही ते सांगतो कारण तिथेच जास्त नुकसान होतं. ऑर्ग चार्ट बदलू नका, नवीन टूल आणू नका, निनावी सर्व्हे पाठवू नका. सर्व्हे वाईट नसतो, पण चाळीसच्या टीममध्ये निनावी काहीच राहत नाही, तीन ओळींच्या कॉमेंटवरून कोण बोललंय हे सगळ्यांना कळतं, आणि माणसांनी आधीही असे सर्व्हे भरलेले असतात ज्यांचं पुढे काहीच झालं नाही. आणि कृपा करून कोणाचा जुगाड सापडला म्हणून त्याला प्रोसेस मोडल्याचा मेल पाठवू नका, तो एक मेल तुमचं पुढचं वर्षभर खाईल.

पहिली दुरुस्ती छोटी, डोळ्यांना दिसणारी आणि टीमने मागितलेली असावी. एकच. ती दोन आठवड्यांत पूर्ण होईल अशी निवडा. समजा रोजचा दीड तासाचा हाताने करायचा ताळा आहे, तर तो आधी तुम्ही कमी करा, भले तात्पुरता एक माणूस वाटून घेऊन. किंवा पाच अप्रूव्हलपैकी दोन कोणी कधीच नाकारलेली नाहीत असं दिसलं तर ती दोन काढून टाका (मागच्या वर्षभरात एकदाही नकार न दिलेलं अप्रूव्हल म्हणजे नुसतं थांबणं असतं, फक्त ऑडिटला किंवा कायद्याला लागणारं नाही ना एवढं खात्रीने बघून घ्या). ज्याने दाखवलं त्याला विचारून त्याचं नाव घ्या, विचारून हे महत्त्वाचं, काहींना नाव नको असतं. सांगितलं की काहीतरी हलतं हे माणसांनी एकदा पाहिलं की दुसरी गोष्ट आपोआप येते, तुम्हाला खणावी लागत नाही.

मग हातातली कामं कमी करा. हे सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात त्रासाचं, कारण कोणाला तरी 'आत्ता नाही' म्हणावं लागतं आणि ते तुम्हालाच म्हणावं लागेल, टीमला म्हणायला लावू नका. वरच्या उदाहरणातल्या १२० मधली जी तीस-चाळीस कामं कोणी दोन महिन्यांत विचारलीसुद्धा नाहीत ती मागणाऱ्याला कळवून बंद करा. नवीन काम आत घ्यायचं ते एक बाहेर पडल्यावरच. पहिले तीन आठवडे सगळे वैतागतील, तुमचे शेजारचे मॅनेजर तुमच्याबद्दल वर बोलतील, त्यासाठी आकडे तयार ठेवा.

वाईट बातमीचा रस्ता पक्का करा. टोयोटाच्या कारखान्यात लाईनवरचा कामगार काही चुकीचं दिसलं की दोरी ओढतो, हे सगळ्यांना माहीत असतं, पण लोक 'लाईन थांबते' एवढंच लक्षात ठेवतात. खरी गंमत दोरी ओढल्यानंतरच्या काही सेकंदांत आहे. टीम लीडर लगेच तिथे येतो, दोघं मिळून बघतात, आणि गाडी त्या स्टेशनच्या शेवटाला पोचेपर्यंत सुटलं नाही तरच लाईन थांबते. म्हणजे मदत मागणाऱ्याला मदत मिळते, आधी जाब विचारला जात नाही. तुमच्याकडे याचं रूप असं असू शकतं की काम तारखेला होणार नाही असं वाटलं त्याच दिवशी सांगायचं, आणि सांगितल्यावर दोन तासांत तुम्ही किंवा तुमचा लीड त्याच्याशी बोलणार, पहिला प्रश्न 'काय लागेल' हा असणार. कारण शोधायचं, नक्की शोधायचं, पण काम सुटल्यावर. तुम्ही हे तीन-चार वेळा न चुकता केलंत तर टीम विश्वास ठेवायला लागेल, आणि एकदा जरी सगळ्यांसमोर चिडलात तर पुन्हा पहिल्यापासून. हे अन्याय्य वाटेल, पण तसंच असतं.

तुमचे लीड्स यात अडकणार आहेत हे लक्षात ठेवा. खालून खरं यायला लागलं की मधल्या माणसाला वाटतं माझीच चूक बाहेर काढतायत. त्यांच्याशी आधी, वेगळं, एकेकाशी बोला, आणि स्पष्ट सांगा की आत्तापर्यंत जे लपलं त्याबद्दल कोणाला जाब विचारणार नाही, आजच्यानंतर लपवलं तर विचारणार. आणि हे पाळा.

एक अपवाद. शोधताना आकड्यांची फेरफार, पैशाची गडबड, किंवा कोणाला दिलेला त्रास सापडला तर त्याला प्रोसेसचा प्रॉब्लेम समजून आपल्या पातळीवर मिटवायला जाऊ नका. जे दिसलं ते तारखेसकट लिहून ठेवा, नोंदी जशा आहेत तशा राहू द्या, आणि एचआर, ऑडिट किंवा कंपनीची जी समिती असेल तिच्याकडे लेखी द्या. तिथे चांगल्या हेतूने स्वतः चौकशी करत बसल्याने पुरावे बिघडतात आणि ज्याने सांगितलं तो उघडा पडतो.

आता डायरेक्टरचं. सांगा, आणि दुरुस्तीची वाट न बघता सांगा, कारण तुम्ही वरती ग्रीन दाखवत राहून खालच्यांना लाल दाखवा म्हणणार असाल तर ते त्यांना महिन्याभरात कळेल. पण मीटिंगमध्ये एकदम नाही, त्याआधी एकट्याने भेटून. बरोबर तीनच गोष्टी न्या: हातातल्या कामांचा आणि आठवड्याला संपणाऱ्या कामांचा आकडा, एका कामाच्या मागे चालत गेल्यावर काय दिसलं त्याचं एक पान, आणि पुढच्या सहा आठवड्यांत तुम्ही कोणत्या दोन गोष्टी बदलणार ते. माझ्या आधीच्यांनी असं केलं, हे वाक्य टाळा, 'माझे सहा महिन्यांचे रिपोर्ट खरं चित्र दाखवत नव्हते' असं स्वतःवर घेऊन सांगा. आणि एक गोष्ट मागा, पुढच्या दोन रिव्ह्यूमध्ये आमचे चार-पाच आयटम लाल दिसतील, तेव्हा टीमसमोर तुमचा पहिला प्रश्न मदतीचा असू द्या. डायरेक्टरनी हे मान्य केलं तर पुढचं बरंचसं सोपं होईल. नाही केलं, आकडे बघूनही रंग हिरवाच ठेवा म्हणाले, तर टीमच्या आत खरा बोर्ड चालूच ठेवा, तुम्ही काय कळवलंत ते मेलवर राहू द्या, आणि त्यांच्या वागण्यात काही बदल होतो का ते दोन-तीन महिने बघा. त्या तीन महिन्यांत तुमच्या हातातली कामं, समजा १२० वरून ८० वर, आणता आली तर तेच आकडे घेऊन पुन्हा एकदा जा.